काळी, पांढरी आणि नाग नदी

पुण्यात ज्याला राडारोडा म्हणतात आणि मुंबईत डेब्रिज, त्याला आमच्या नागपुरात मलबा म्हणतात. महालात हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. केळीबाग रोड रुंद करताना घरांची तोंडं कापली गेली, आणि आतल्या गल्ल्यांमध्ये जुने वाडे एकामागून एक उतरतायत. त्यांच्या जागी चार मजले, खाली पार्किंग. हिरवी जाळी लागली की समजायचं, आणखी एक गेला.

वाड्यांबद्दल हळहळायला हा वीकांत खर्ची घालत नाहीये. ते काम बरेच जण करतात आणि माझ्यापेक्षा चांगलं करतात. (शिवाय गळक्या छपराखाली बादल्या लावत ज्यांनी श्रावणातल्या रात्री काढल्यात, त्यांची हळहळ जरा बेताचीच असते.) माझा प्रश्न साधा आहे. एवढी माती, विटा, चुना, दगड जातात कुठे? आणि पाऊस आला की त्यातलं काय वाहून जातं? वाचत गेलो तेव्हा कळलं की ह्या प्रश्नाचा अर्धा भाग नागपूरने दीडशे वर्षांपूर्वीच मोजून ठेवलाय.

पण आधी थोडं मागे जाऊ. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह ह्याने १७०२ साली बारा वाड्यावस्त्या एकत्र करून नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान ह्याने शहराला कोट घातला आणि पाणी अडवून तलाव केला. तोच जुम्मा तलाव, उर्फ शुक्रवारी तलाव, उर्फ आजचा गांधीसागर. कोटाचा जुम्मा दरवाजा अजून उभा आहे, त्याला आता गांधीगेट म्हणतात. (शुक्रवारची सगळी इस्टेट गांधीजींच्या नावावर झाली म्हणायची!) अठराव्या शतकाच्या मध्याला भोसल्यांचं राज्य आलं, त्यांनी राजवाडा बांधला आणि त्या महालावरून भागाचं नाव पडलं. भोसल्यांना बागांची भारी हौस. महालातली तुळशीबाग, केळीबाग ही नावं आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती वापरतो, पण ती खरं तर पाणी मुरायच्या जागांची नावं आहेत. बाग म्हणजे उघडी जमीन, विहीर आणि आळी. तिथे पडलेला पाऊस रस्त्यावर यायच्या आधी दहा वेळा थांबायचा.

भोसल्यांचा तो राजवाडा काळ्या दगडाचा आणि लाकडी नक्षीने मढवलेला होता. १८६४ साली तो जळाला आणि नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. गंमत म्हणजे नागपूरची नगरपालिका स्थापन झाली तीही १८६४ सालीच. शहराला झाडलोट करणारी संस्था मिळाली आणि त्याच वर्षी तिच्या दारात एवढा मोठा मलबा पडला.

आता मलबा म्हणजे कचरा, हे समीकरण आपल्याकडे फार जुनं नाही. मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे वस्ती. गावठाणाची माती पांढुरकी असते, कारण पिढ्यान्पिढ्या घरं तिथेच पडली, तिथेच विरघळली आणि तिथेच पुन्हा उभी राहिली. राख, चुना, शेणामातीचे गिलावे, पडलेल्या भिंती, सगळं त्याच मातीत. नवी भिंत घालायची तर ही पांढरीच खणून, भिजवून, तुडवून घ्यायची. काळी माती भिंतीला चालत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि तडकते. म्हणजे पडलेलं घर हाच पुढच्या घराचा माल होता, आणि 'रिसायकलिंग' हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता!

वाड्यांचंही तसंच. सागवानी खांब, तुळया, दारं ह्यांना कायम गिऱ्हाईक असायचं. जोत्याचा घडीव दगड तर कोणी टाकून देईल हे संभवतच नव्हतं. फुटक्या विटांची सुरखी व्हायची. नीट भाजलेल्या विटेची पूड चुन्यात मिसळून घाणीत बैलाकडून मळली की चुना जास्त घट्ट धरतो आणि पाण्यातही टिकतो. हीच युक्ती रोमन लोकांनाही माहीत होती. ह्या रीतीचे उरलेले धागे आजही दिसतात. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात, तो त्याच घराण्यातला. सिमेंट आल्यावर मात्र साखळी तुटली. सिमेंटने जोडलेली वीट सुटी होत नाही, सळयांचं काँक्रीट फोडायला मशीन लागतं, आणि मातीच्या भिंतीचा गारा नव्या बांधकामात कोणालाच नको असतो.

आता तो मोजून ठेवलेला अर्धा भाग.

१८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि त्याच सुमारास अलेक्झांडर बिनी नावाचा तिशीतला इंग्रज इंजिनियर सरकारी बांधकाम खात्यात इथे आला. अंबाझरीचं पाणी शहराला पुरवायची योजना त्याच्याकडे होती. तलावात किती पाणी येईल हे सांगायचं तर पावसापैकी किती पाणी जमिनीत मुरतं आणि किती वाहून येतं हे कळायला हवं. बिनीने १८६९ आणि १८७२ ह्या दोन वर्षी नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटाचं मोजमाप केलं. एका बाजूला पडलेला पाऊस, दुसऱ्या बाजूला वाहून आलेलं पाणी, दोन्हींची चढती बेरीज. दोन वर्षांचे आलेख जवळपास सारखे आले. त्यावरून निघालेले आकडे 'बिनीचे टक्के' म्हणून इंजिनियरिंगच्या पुस्तकांत अजून छापले जातात, सिव्हिलवाल्या मित्रांनी परीक्षेपुरते पाठही केले असतील. वर्षाला ५०० मिमी पाऊस असेल तर १५ टक्के वाहतं, ८०० असेल तर २९ टक्के, आणि ११०० असेल तर ४० टक्के. विदर्भ आणि मध्य प्रदेशात तलाव-धरणांच्या हिशेबाला हे टक्के पुढे कित्येक वर्षं वापरले गेले.

मला ह्या तक्त्यात आवडते ती गोष्ट अशी की पाऊस दुप्पट झाला की वाहणारं पाणी दुप्पट होत नाही, पाच-सहा पट होतं. (करून पाहा: ५०० चे १५ टक्के म्हणजे ७५ मिमी, ११०० चे ४० टक्के म्हणजे ४४० मिमी.) कारण सुरुवातीचा पाऊस जमीन पिते. तिचं पोट भरलं की पुढचं सगळं वाहतं. बिनी पुढे लंडनला गेला, तिथल्या कौंटी कौन्सिलचा चीफ इंजिनियर झाला, टेम्सच्या खालून ब्लॅकवॉलचा बोगदा काढला, 'सर' झाला. त्याचे टक्के मात्र उघड्या मातीचे होते. छप्पर, फरशी, सिमेंट रोड ह्यांवर पडलेल्या पाण्यापैकी ८० ते ९५ टक्के वाहतं आणि तेही लगेच. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिमीच पाऊस पडतो, त्यामुळे तुलना सोपी आहे. जिथे शंभरातले चाळीस थेंब वाहायचे तिथे आता ऐंशीच्या वर वाहतात.

आणि वाहून जातात कुठे? अंबाझरीखालून निघालेली नाग नदी शहर चिरत अशोक चौकाकडे येते, महालाच्या दक्षिणेने पुढे पारडीकडे जाते, मग कन्हान, मग वैनगंगा आणि गोसीखुर्द. महालातल्या गल्लीत धुतलेलं सिमेंटचं घमेलं शेवटी तिथे पोचतं.

बिनी गेला त्यानंतर लगेचच जुम्मा तलावाच्या काठावर मातीचा एक गाजलेला व्यवहार झाला. जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी तलावालगतची दलदलीची जागा घेतली आणि भराव टाकायला सुरुवात केली. गावातल्या एका मारवाडी सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिला होता. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय असं त्याचं म्हणणं. १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली आणि इतकी चालली की त्याच सावकाराने पुढे कबूल केलं, टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. गोष्ट झकास आहे, टाटांच्या चरित्रात हमखास येते. पण दलदल म्हणजे पावसाचं जास्तीचं पाणी ठेवायची शहराची परडी असते, ती बुजवल्याचा हिशेब त्या गोष्टीत कोणीच धरत नाही. १८७७ साली तो धरायचं कारणही नव्हतं म्हणा, गावाभोवती जागा भरपूर होती. गिरणी २००२ साली बंद पडली आणि त्या जागेवर एम्प्रेस मॉल उभा राहिला. पुन्हा पाडणं, पुन्हा मलबा.

असो. आता मलब्याचा आणि पावसाचा संबंध. आपल्याला वाटतं नदी घाण होते ती सांडपाण्याने. ते खरंच आहे, आणि नाग नदीसाठी केंद्राने मंजूर केलेल्या सुमारे १,९२७ कोटींच्या प्रकल्पाचा भरही सांडपाण्यावरच आहे. पण गाळ वेगळा. अमेरिकेत गॉर्डन वोलमन नावाच्या भूगोलाच्या प्राध्यापकाने १९६७ साली मेरीलँडमधल्या ओढ्यांचा अभ्यास मांडला. शेतं होती तेव्हा गाळ मध्यम, बांधकामं चालू असताना तो प्रचंड वाढतो, आणि घरं-रस्ते पुरे झाले की शेतीपेक्षाही कमी होतो. म्हणजे सगळा मार त्या दोन-तीन वर्षांत. तिथल्या पर्यावरण खात्याचा ढोबळ आकडा असा की उघड्या बांधकामावरून शेताच्या दहा ते वीस पट माती वाहून जाते. एका गल्लीपुरतं बोलायचं तर ही दोन-तीन वर्षं संपतात. महालासारख्या भागात मात्र कुठलं ना कुठलं घर सतत त्या वर्षांत असतं.

त्यात आपली काळी माती. तिचे कण अतिशय बारीक. रेतीचा ०.१ मिमीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला दोनेक मिनिटं घेतो. ०.०१ मिमीचा कण तीन तास. आणि चिकणमातीचा हजारांश मिमीचा कण तेरा दिवस! एवढा वेळ कोणतं पाणी स्थिर राहतं? म्हणून रेती गटाराच्या तोंडाशीच अडकून गटार तुंबवते, आणि चिकणमाती थेट नदीत जाते. ताज्या काँक्रीटचं धुवण तर ह्याहून वाईट, त्याचा सामू १२ च्या पुढे असतो, माशांच्या कल्ल्यांना तो सहन होत नाही.

दर उन्हाळ्यात पोकलेन लावून नाग नदीतून गाळ काढतात. काठावर ढीग घालतात. त्यातला काही ढीग पहिल्या पावसात परत आत जातो, हे मी अशोक चौकाच्या पुलावरून डोळ्यांनी पाहिलंय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत १०० मिमीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांमधल्या हजारो घरांत पाणी शिरलं. माणसं दगावली. त्याची कारणं बरीच होती. तलावाच्या सांडव्याजवळची बांधकामं, नदीचं पात्र आवळणं, ह्या सगळ्यावर उच्च न्यायालयात घमासान झालं. पुराचा दोष कोणी महालातल्या एका वाड्याच्या मातीला देणार नाही, मीही देत नाही. पण आमच्या धंद्यात मेमरी लीक नावाचा प्रकार असतो. घेतलेली जागा परत न करणारे छोटे छोटे प्रोग्रॅम. एकेक पाहिला तर नगण्य, आणि सर्व्हर बसला की प्रत्येकजण म्हणतो, माझ्यामुळे नाही.

कायदाही नेमका ह्या छोट्यांपाशी ढिला पडतो. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नियम देशात २०१६ साली पहिल्यांदा वेगळे झाले. काँक्रीट, माती, लाकूड-लोखंड-प्लास्टिक, आणि विटा-गिलावा असे चार ढीग वेगळे करा, आराखडा मंजूर करून घ्या, वगैरे सक्ती दिवसाला २० टन किंवा प्रकल्पात महिन्याला ३०० टन करणाऱ्यांना. लहानांनी वेगळं करून संकलन केंद्रावर न्यायचं एवढंच. २०२५ साली नवे नियम निघाले, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्यातली मलबा परत वापरात आणायची जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांवर. महालात एवढं बांधकाम कोण करतो? संपूर्ण गल्ली मिळूनही भरणार नाही. अमेरिकेतही एक एकराच्या आतल्या जागांना सहसा केंद्राचा परवाना लागत नाही, तेव्हा हा आपलाच गाढवपणा आहे असं नाही. पण जुन्या शहरांचं जुनेपणच ह्यात निसटतं, कारण जुनं शहर म्हणजेच छोटे प्लॉट.

मालाच्या दर्जाची सबब आता फारशी उरलेली नाही. भारतीय मानकाने २०१६ पासूनच फोडलेल्या काँक्रीटची गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ पर्यंतच्या सळयांच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालवून घेतलीय. दिल्लीत बुराडीला २००९ पासून मलब्याचा कारखाना चालू झाला. आमच्याकडे भांडेवाडीला आहे. अडचण कारखान्याची कमी आणि तिथपर्यंत नेण्याची जास्त आहे. महालातून भांडेवाडीला टिप्पर नेण्यापेक्षा रात्री नाल्याच्या काठी उलटा करणं स्वस्त पडतं.

हे एवढं वाचायची वेळ आली कारण आमच्याही घरावर हिरवी जाळी लागली. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्याहून गेलो तेव्हा काका, चुलतभाऊ आणि ठेकेदार ओट्यावर बसून नकाशा पाहत होते. मी विचारलं, माती कुठे जाणार?

"अरे, पाया किती खाली न्यायचा ते विचार," काका म्हणाले, "कॉम्प्युटरवाल्याला मातीशी काय करायचंय?"

ठेकेदार जास्त मोकळा होता. "जाते न भाऊ. जिथं लागते तिथं जाते."

"आणि कोणाला नको असली तर?"

"मग रात्री जाते."

मी तिथेच कागदावर हिशेब मांडला. प्लॉट २०० चौरस मीटर. वरचे दोन-तीन फूट पांढरी, खाली काळी. काळी काढून मुरूम भरायचा म्हणजे सरासरी दीड मीटर खोदाई, ३०० घनमीटर. खणलेली माती फुगते, धरा ४५०. टिप्परमध्ये सहा घनमीटर मावतात, म्हणजे ७५ खेपा. वर पाडकामाचं वेगळं. टायफॅक ह्या सरकारी संस्थेचा २००१ सालचा अंदाज इमारत पाडण्याला दर चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो असा आहे, म्हणजे आमच्या ३०० चौरस मीटर वाड्याचे ९० ते १५० टन. एका बिनलौकिक घराचे हे आकडे. कागद पाहून काका गप्प झाले. मग म्हणाले, "पंच्याहत्तर खेपा? आपल्या गल्लीतून?" त्यांना नदीची नाही, गल्लीची काळजी होती. चालेल.

करारात चार ओळी वाढल्या. खोदाई मे अखेरीच्या आत संपवून जोतं वर काढायचं. ढीग ताडपत्रीखाली. काँक्रीटचं धुवण गटारात नाही. गेटजवळ एकापुढे एक दोन खड्डे, पहिल्यात रेती बसेल, दुसऱ्यात बाकीचं, आणि गटाराच्या तोंडाशी जिओटेक्स्टाइलचं कापड. ठेकेदाराने त्यासाठी वाढवून मागितलेली रक्कम एका फ्लॅटच्या मॉड्युलर किचनपेक्षा कमी होती. सागवान विकलं गेलं. जोत्याचा दगड कंपाउंडला लागला. विटांचे तुकडे जोत्याखाली आणि गच्चीच्या कोब्यात गेले. काळी माती उमरेड रोडकडच्या एका नर्सरीवाल्याने स्वतः टिप्पर पाठवून नेली, त्याला हवीच होती. पांढरी मात्र कोणालाच नको होती. तीनशे वर्षं जिच्यावर गाव उभं राहिलं ती गिलाव्याच्या तुकड्यांसकट पैसे भरून भांडेवाडीला गेली, आणि काका त्या दिवशी जेवायला उशिरा बसले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. भावाने दुसऱ्या खड्ड्याचा फोटो पाठवला, पाणी चहासारखं. चौथ्या दिवशीही तसंच. तेरा दिवसांचं गणित मी त्याला सांगितलं तर म्हणाला, तेरा दिवस पाऊस थांबणार आहे का? मग काकूने घरातली तुरटी दिली. आजी माठात फिरवायची तशी त्याने ती बादलीत विरघळवून खड्ड्यात ढवळली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं पाणी निवळलं होतं. ते त्यांनी नव्या कॉलमवर मारायला वापरलं.